आजोबा भिंतीकडं तोंड करून बसतात तेव्हा

पोरी, वृद्धाश्रमात पहिल्याच आठवड्यात ‘आजोबा बोलतच नाहीत’ म्हणून रडू नकोस. घर सुटलेला माणूस आहे तो. आधी कान तपासून घे. कित्येकदा तो अबोला नसतो, ऐकूच येत नसतं. जेवण तुटलं, झोप उडाली असेल तर डॉक्टरांना सांग. उदासीनता हा आजार असू शकतो, हट्ट नव्हे.

मग रोज ठरल्या वेळी जा, दहाच मिनिटं. उभ्यानं बोलू नको, स्टूल ओढून समोर बस. अंगाला हात लावण्याआधी विचार, आणि ‘नको’ म्हणाले तर खरंच थांब. ‘उद्या येते’ म्हटलंस की यायचंच.

प्रश्नांची सरबत्ती तर नकोच. माझ्याकडच्या एका आजोबांनी तीन आठवडे ‘हं’सुद्धा केलं नव्हतं. एकदा मी पेपर वाचता वाचता बोलून गेले, “कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान राजाराम महाराजांनी बांधलं ना?” भिंतीकडूनच आवाज आला, “शाहू महाराजांनी! १९१२ ला!” (चूक मुद्दाम नव्हती हो, माझं कुस्तीचं ज्ञान तेवढंच.)

दुसऱ्या दिवशी परत गप्प. होतं तसं. मी चहा ठेवला, दहा मिनिटं बसले, उठले.