जागा राखीव, पण मुलगी पोचणार कशी?

बीएड कॉलेजात रुजू होताच आदिवासी मुलामुलींच्या प्रवेशाचं काम तुझ्या गळ्यात पडलं, म्हणून लिहितेय. अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा राखीव आहेत, एवढ्यावर विसंबू नकोस. पेपरातली जाहिरात नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पोचत नाही. सीईटीचे (प्रवेश परीक्षेचे) अर्ज सुटण्याआधी तिकडच्या बीएच्या शेवटच्या वर्गात जा. सोबत आपला एखादा माजी विद्यार्थी ने. तो पावरीत, त्यांच्या बोलीत, दहा मिनिटं बोलला तरी तुझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा भारी.

कागदांचं पहिल्याच भेटीत विचार. जातीचा दाखला असतो, जात वैधता प्रमाणपत्र नसतं, आणि तिथेच घोडं अडतं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना शेजारी बस. बँक खातं आधारला जोडलंय ना, बघ.

प्रवेश झाला की आपण निर्धास्त होतो. मीही झाले होते. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, त्यात शाळेतली इंटर्नशिप लांबलचक. माझी एक हुशार विद्यार्थिनी तिथेच गळाली. रोजचं एसटीचं भाडं परवडत नव्हतं, आणि ती कुणाला बोलली नाही. मी विचारलंही नव्हतं. आता इंटर्नशिपसाठी शाळा वाटताना आधी वसतिगृह कुठे आहे ते पाहते.

पाठाच्या वहीत ‘उच्चार अशुद्ध’ असा शेरा मारण्याआधी थांब. भिलीत समजावू शकणारी शिक्षिका आश्रमशाळेला हवीच असते. आणि हो, टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी पहिल्याच वर्षी सुरू करून दे.