ठक वाजतंय म्हणून २,६४० पौंड?

प्रश्न: मी लेस्टरला राहतो. १९७३ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, तारांच्या चाकांची. क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून ‘ठक’ असा आवाज येतो. वर्कशॉपने मागचा ॲक्सलच (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आणि फिरवणारा आडवा भाग) बदलायला सांगितलंय, रिकंडिशन्ड, म्हणजे जुनाच दुरुस्त करून दिलेला, २,२०० पौंड अधिक व्हॅट. आयसामध्ये (करमुक्त बचत खात्यात) ६,००० आहेत, घरखर्च महिन्याला २,८०० आणि येत्या मार्चमध्ये मॉर्गेजचा (गृहकर्जाचा) फिक्स्ड दर संपतो. आयसातून पैसे काढू, ५ वर्षांचं कर्ज घेऊ, की गाडी विकून मोकळा होऊ?

उत्तर: आज या तिन्हींतलं काहीच करू नका. तुमच्या हातात कोटेशन आहे, निदान नाही.

आधी पैशाचं बघू. व्हॅट धरून बिल होतं २,६४०. आयसातून काढलंत तर उरतात ३,३६०, म्हणजे सव्वा महिन्याचा घरखर्च, आणि तेही मॉर्गेजचा हप्ता वाढण्याची शक्यता असताना. तो आयसा लाइफटाइम प्रकारचा असेल तर विषयच संपला. पहिल्या घराची खरेदी किंवा वयाची साठी सोडून इतर बहुतेक कारणांनी काढलेल्या रकमेवर २५ टक्के कापले जातात, त्यामुळे हातात २,६४० यायला ३,५२० काढावे लागतील. कर्ज १० टक्क्यांनी मिळालं असं धरा: महिना ५६ पौंड आणि पाच वर्षांत व्याजच सव्वासातशेच्या घरात. विकणं म्हणाल, तर खाजगी मोटारीवर भांडवली नफ्याचा कर नाही हे खरं. पण मागून ठक वाजणारी गाडी बघणारा गिऱ्हाईक अख्ख्या ॲक्सलचे पैसे किमतीतून वजा करणार. काही शे पौंडांच्या खराबीपायी तुम्ही किमतीत दोन हजार गमावाल.

आता आवाजाचं. तुमच्या गाडीत नळीचा, म्हणजे सॅलिसबरी पद्धतीचा ॲक्सल आहे. जीटीला तो १९६५ पासूनच होता. ताण बदलताना एकदाच ‘ठक’ वाजणं आणि चालताना सतत ‘घूंऽऽ’ येणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. घूं येत असेल, वेगाबरोबर सूर चढत असेल, पाय दाबल्या-सोडल्यावर बदलत असेल, तर शंका क्राऊन-पिनियनवर (ॲक्सलच्या मधोमध एकमेकांत अडकणारे मुख्य गिअर) किंवा त्यांच्या बेअरिंगवर. नुसत्या ठकला बहुतेक वेळा स्वस्त कारणं असतात आणि ती या क्रमाने तपासायची.

मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा. चाक हाताने पुढे-मागे हलवा. ड्रम स्थिर राहून चाक हललं तर हबचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) आणि चाकाचे खाचे झिजलेत. मग दोन्ही बदलायचे. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर तेही लवकरच संपतं. पुढे प्रॉपशाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, पिळून बघा. स्प्रिंगच्या पट्ट्यांवर ॲक्सल धरणारे यू-बोल्ट घट्ट आहेत ना, तेही पाहा. एवढं सगळं ठीक निघालं तरच डिफरन्शियलकडे, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीकडे वळायचं.

तिथे बहुतेकदा सापडतात ते झिजलेले थ्रस्ट वॉशर. स्पायडर गिअरच्या (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरच्या) पाठीमागचे तांब्याचे वाटीसारखे आणि बाजूच्या गिअरचे सपाट फायबरचे. ते पातळ झाले की गिअरमधला मोकळेपणा वाढतो आणि ठक वाजतं. या ॲक्सलला मागे झाकण आहे, त्यामुळे क्राऊन-पिनियन न हलवता वॉशर गाडीखालीच बदलता येतात. तेल भरायचा प्लग सुटतो का ते आधी बघा आणि मगच झाकणाला हात लावा. तेल काढल्यावर तो अडकला तर गाडी जागेवरच. झाकण उघडलं की निघालेल्या तेलात चुंबक फिरवा. राखाडी पेस्ट चालेल, गिअरच्या दाताचे तुकडे चालणार नाहीत. हब आणि बॅकप्लेट (ब्रेक ज्यावर बसतो ती पाठीमागची थाळी) काढून हाफशाफ्ट, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, थोडे बाहेर ओढावे लागतात. त्यासाठी ब्रेकचे पाइप सोडले असतील तर शेवटी ब्रेकमधली हवा काढावी लागते. आडवा पिन काढला की स्पायडर गिअर फिरवून डिफरन्शियलच्या खिडकीतून बाहेर येतात.

हे उघडलंच आहे तर हबचे दोन्ही ऑइल सील बदलून घ्या. सील गळलं की तेल ब्रेकशूवर जातं, आणि तेल प्यालेले शू धुऊन वापरू नयेत. ॲक्सलवरचा ब्रीदर (हवा जायचं छोटं तोंड) साफ करा, कारण तो बुजला तर आतला दाब नवं सीलही फोडतो. हबचा नट १५० फूट-पौंड, म्हणजे साधारण २०० न्यूटन-मीटर. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच फिरवायचा, मागे कधीच नाही. तेल ईपी ९०, दीड पिंट, म्हणजे जवळपास ८५० मिली.

पिनियनचं (प्रॉपशाफ्टला जोडलेल्या पुढच्या गिअरचं) सील गळत नसेल तर त्याला कुणालाही हात लावू देऊ नका. आत दाबून आकार घेणारा स्पेसर असतो. इम्पॅक्ट गनने (हिसके देऊन नट फिरवणाऱ्या मशीनने) नट आवळला की स्पेसर जास्त दाबला जातो, बेअरिंगवर ताण येऊन ते तापतात, आणि मग खरोखरच नवा ॲक्सल लागतो. सील बदलणं भागच असेल तर नटाची जागा खुणेने टिपून ठेवायची.

खर्च? भाग आणि तेल मिळून शंभराच्या आसपास. मजुरी ६ ते ८ तास. व्हॅटसकट तासाला ८० पौंड धरले तरी सगळं साडेसातशेच्या आत बसतं. हे दोन-तीन महिन्यांच्या बचतीतून करता येईल आणि आयसाला हात लावावा लागणार नाही. तोवर गाडी उभी ठेवायची असेल तर सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशी सरकारला दिलेली नोंद, जाहीर करायला पैसे पडत नाहीत. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची (वार्षिक तपासणीची) सक्ती नसली, तरी काम झाल्यावर स्वखुशीने करून घ्या; जास्तीत जास्त ५४.८५ पौंडांत चार चाकांचे ब्रेक कुणीतरी तिऱ्हाइताने तपासलेले होतात.

तेलात दाताचे तुकडे निघाले तर मात्र ॲक्सल बदलणं रास्त आहे. पण तेव्हाही मार्चमध्ये मॉर्गेजचा नवा हप्ता कळेपर्यंत गाडी उभी ठेवा. कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या: तारांच्या चाकांचाच ॲक्सल आहे ना, कारण साध्या चाकांचा रुंद असतो आणि टायर मडगार्डला घासतो, हब आणि ब्रेक त्यात धरलेत का, आणि जुना ॲक्सल परत दिल्यावर किती अनामत सुटते.