आठवड्याला किती किलोमीटर पोहलं तर ट्रायथलॉनचं पोहणं सुधारतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: रत्नागिरीत राहता, गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ अशी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन) करायची आहे, आठवड्यातून दोनदा तलावात दीड-दीड किलोमीटर पोहता, आणि सहा महिने झाले तरी १०० मीटरला २ मिनिटं २० सेकंदांच्या खाली घड्याळ येत नाही. तर किलोमीटर दुप्पट करू का?

करा, पण दिवस वाढवून. त्याच दोन दिवसांत तीन-तीन किलोमीटर कोंबलेत तर दमाल, सुधारणार नाही.

मी मालवणचा. पोहायला शिकलो विहिरीत, कमरेला दोन असोले नारळ बांधून. असं शिकलेल्याला पाण्याची भीती नसते, पण मान वर आणि पाय खाली ही सवय हाडात मुरते. ट्रायथलॉनच्या नादाला लागलो तेव्हा वाटलं, दम वाढवला की झालं, धावण्यात तसंच तर होतं. पहिल्या वर्षी दोन दिवस, आठवड्याला चार किलोमीटर. १०० मीटरला २:१५ होते, वर्षअखेर २:१२. दुसऱ्या वर्षी ईर्ष्येने पाच दिवस, बारा किलोमीटर, तेही हाताला पॅडल, म्हणजे जास्त पाणी ढकलणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या, लावून. दोन महिन्यांत २:०५ वर आलो आणि तिसऱ्या महिन्यात उजवा खांदा असा धरला की शर्ट घालताना ‘आई गं’ व्हायचं. हिशेब नंतर मांडला: २५ मीटरला माझे २४ हात, म्हणजे किलोमीटरला ९६०, आठवड्याला साडेअकरा हजार. त्यातले निम्मे थकलेल्या खांद्याने, कोपर खाली पाडून मारलेले.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. वेग वाढवला की त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. म्हणजे तुमची पद्धत आहे तशीच ठेवून २:२० वरून २:०७ वर यायचं तर जवळजवळ एक तृतीयांश जास्त जोर लागेल. कुठून आणणार? १९९० साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात स्पर्धात्मक जलतरणपटू आणि ट्रायथलीट यांची तुलना झाली होती. जलतरणपटूंची ६१ टक्के ताकद प्रत्यक्ष पुढे सरकण्यात लागत होती, ट्रायथलीटांची ४४ टक्के. उरलेली पाणी मागे ढकलण्यात वाया. आपली गळती तिथे आहे, दमात नाही.

आमच्या किनाऱ्यावर एक गाबीत (मच्छीमार समाजातले) आजोबा जाळं विणत बसलेले असत. माझी धडपड बघून एकदा म्हणाले, “अरे झिला, पाण्याक मारतस कित्याक? धर त्येका.” कोचने महिनाभर ‘कोपर वर, कोपर वर’ करून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या वाक्याने शिरलं.

आणि हे धरणं, म्हणजे कोपर वर ठेवून हाताने पाणी पकडणं, चार दिवस पाण्याबाहेर राहिलं की हातातून जातं. दोन दिवस पोहणाऱ्याचं निम्मं सत्र मागचं आठवण्यातच संपतं. म्हणून मी किलोमीटरआधी दिवस मोजायला सांगतो. खांदा बरा झाल्यावर मी चार दिवसांवर आलो, दर वेळी पाऊण तास, साधारण १.८ किलोमीटर, पॅडल बंद. आठवड्याला सात-साडेसात किलोमीटर. एका मोसमात २:०५ चे १:५५ झाले. तुम्हीही तिथून सुरू करा. सुरुवातीची दहा मिनिटं ड्रिल (पद्धत सुधारायचे सराव), मग ५० आणि १०० मीटरचे सेट, मध्ये १५-२० सेकंद विश्रांती. २५ मीटरमागे हात दोन-तीनने वाढायला लागले की त्या दिवसाचं काम संपलं, भले १.३ किलोमीटरच झालं असो. सलग मोठं पोहणं आठवड्यातून एकदाच.

त्याहून जास्त केलं तर? १९९१ चा एक अमेरिकी अभ्यास आहे. कॉलेजच्या जलतरणपटूंपैकी एका गटाला सहा आठवडे दिवसातून दोनदा पोहायला लावलं, दुसऱ्याला एकदाच. दुप्पट पोहणाऱ्यांना जास्तीचा फायदा झाला नाही. अर्थात ती मुलं मुळात रोज पाच-पाच किलोमीटर पोहणारी. आपल्यासारख्या नोकरी सांभाळून पोहणाऱ्याला तीन किलोमीटरवरून सातवर गेल्याचा फरक नक्की दिसतो. सातवरून बारावर गेल्याचा किती, ते मात्र मांडून बघा. स्पर्धेतल्या १९०० मीटर पोहण्याला २:२० ने ४४ मिनिटं २० सेकंद लागतात, कटऑफ, म्हणजे पोहणं संपवायची मुदत, १ तास १० मिनिटांची. १०० मीटरमागे १० सेकंद कमी केलेत तर वाचतात ३ मिनिटं १० सेकंद. पुढे ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावणं आहे. तेवढी मिनिटं सायकलवर बहुधा स्वस्तात मिळतील. पोहण्याचा खरा लाभ पाण्यातून ताजेतवाने बाहेर येण्यात आहे.

एक सवलत आपल्याला कोकणात आहे: पाऊस. जून ते सप्टेंबर घाटात सायकल घालणं म्हणजे शेवाळ, खड्डे आणि घरच्यांच्या शिव्या. समुद्रही बंद, १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक होड्यांनाही मासेमारीबंदी असते. म्हणून माझं वाढीव पोहणं मी जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवड्यांत बसवतो, तलावातच, पाच दिवस, नऊ-दहा किलोमीटरपर्यंत. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत आली आहे, त्यामुळे ते नेमकं जुळतं. पाऊस गेला की पुन्हा चार दिवस, आणि सुटलेला वेळ सायकलला.

दर सहा आठवड्यांनी ४०० आणि २०० मीटर पूर्ण जोराने पोहून वेळ घ्या, मध्ये चांगली विश्रांती घेऊन. वजाबाकी करून निम्मे करा. ४०० ला ८:५० आणि २०० ला ४:१० असेल तर ४:४० चे निम्मे, २:२०. १०० मीटरचा हा आकडा हलतो का बघा, वहीतले किलोमीटर नव्हे.

परदेशी वेळापत्रकं जशीच्या तशी उचलू नका. तिकडे बरेचदा वेटसूट (थंड पाण्यात घालायचा तरंगणारा रबरी पोशाख) धरलेला असतो आणि तो बुडणारे पाय फुकटात वर उचलतो. नियमात तो २४.५ अंशांपर्यंतच बसतो आणि आपलं पाणी त्याहून गरम. म्हणजे पाय तुम्हालाच वर ठेवायचे आहेत.

समुद्रात ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा जा, एकटे नको, कमरेला रंगीत बोया (लांबून दिसणारा तरंगता फुगा) बांधून. तिथला पेस (१०० मीटरला लागणारा वेळ) बघून हुरळू नका आणि खचूही नका. ओढीबरोबर गेलात तर घड्याळ १:४५ दाखवील, परतताना २:५०. उधाण टाळा, अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असतो ते दिवस, धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा आपला जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे पोहून नऊला ऑफिसात.