शनिवारी अंड्यांच्या फार्मवरच्या पिंजऱ्यातून सुटलेल्या कोंबड्या येतायत ना? मग हे वाच

अगं झोप उडालीये म्हणतेस ते नॉर्मलच आहे, पण बॉक्स उघडल्यावर दचकू नकोस. पिसं अर्धी गेलेली, तुरा फिका पडून एका बाजूला लोंबलेला, एखादीची पाठ तर अक्षरशः उघडी. दीडेक वर्षाच्या असतात बिचाऱ्या, इकडे यूकेत जुने पिंजरे २०१२ पासून बंद झाले तरी कॉलनीवाल्या, म्हणजे बऱ्याच जणी एकत्र कोंबलेल्या पिंजऱ्यात एकीला जागा मिळते ७५० चौरस सेंटिमीटर, त्यामुळे ऊन, माती, गवत काही माहीतच नसतं. स्वेटर वगैरे विणत बसू नकोस हं, पिसं येतात परत. अंधार पडला तरी त्या स्वतःहून खुराड्यात जात नाहीत, कोपऱ्यात घोळका करून बसतात, मग एकेक उचलून आत ठेवायची, सुरुवातीचे काही दिवस तरी. खायला लेअर्स मॅशच दे, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, सवयीचं. आणि उरलेला भात घालायचा मोह होईल, पण इथे घरच्या किचनमधलं काहीही कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे, भाजीची सालंसुद्धा! फक्त पूर्ण व्हीगन घराला सूट, म्हणजे आपल्याकडे दूध-तूप आलं की संपलंच. चोचाचोची होणारच, रक्त आलं तरच मध्ये पड. कोंबड्यांचं सरकारी रजिस्ट्रेशन केलंस का? आता एक कोंबडी असली तरी लागतं. आणि कडी नीट बघ, कोल्हे फिरतात.