बेळगाव भागातल्या उत्सवात अन्नदान करायचं असेल तर कुठं आणि कशासाठी द्यावं?

तुम्ही लिहिलंय की आई बेळगावची होती, तिच्या नावानं इकडच्या एखाद्या उत्सवात अन्नदान करायचंय, रक्कम बाजूला काढून ठेवली आहे, पण कुठं आणि कशाला द्यावी ते उमगत नाही. शिवाय कन्नड येत नाही म्हणून मठात जायला बिचकता. मी खानापूर तालुक्यातली. आमच्या गावच्या पारायण मंडळाचा हिशेब वडील ठेवायचे. त्यांची नजर अधू झाली तशी वही माझ्याकडं आली, त्याला बारा वर्षं झाली. म्हणून जे सांगतेय ते वहीतनंच सांगतेय.

एकच गोष्ट ऐकणार असाल तर ही ऐका: पारायणात काल्याच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाला देऊ नका.

सुगी आटोपून भात घरात आलं की आमच्याकडं गावोगावी ज्ञानेश्वरीची पारायणं लागतात. कुठं सात दिवस, बऱ्याच गावांत तीनच. पहाटे काकडारती, मग वाचन, दुपारी प्रवचन, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. शेवटच्या दिवशी दिंडी, काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. पुण्या-मुंबईला असलेली पोरं त्या एकाच दिवशी येतात, त्यामुळं त्यांना तोच दिवस दिसतो. एका साली आठ जणांनी "काल्याचं गोड आमच्याकडून" म्हणून पैसे दिले. कुणाला नाही म्हणायचं? शिरा झाला, बुंदी झाली, गव्हाची खीरही झाली. आणि त्याच्या आदल्या सकाळी मी वाण्याच्या दारात तूरडाळ उधार मागत उभी होते. पारायणाला बसलेली माणसं तिन्ही दिवस देवळातच जेवतात, त्यांतली निम्मी सत्तरी ओलांडलेली. त्यांच्या दुपारच्या आमटीला देणगीदार मिळत नाही. वडिलांनी पुढच्या वर्षापासनं देवळाच्या भिंतीला फळा लावला, प्रत्येक तिथीपुढं नाव लिहायला जागा सोडून. काल्याची जागा पहिल्या संध्याकाळीच भरते. मधल्या दिवसासाठी अजूनही मला फोन करत बसावं लागतं.

तांदळाचं म्हणाल तर तो नको. गावातच पिकतो, घरटी शिधा म्हणून पायलीनं मोजून येतो. (एकाचा इंद्रायणी, दुसऱ्याचा सोनामसुरी, तिसऱ्याचा जुना, चौथ्याचा नवा; सगळे एका हंड्यात गेले की अर्ध्याचा गिचका होतो आणि अर्धा कच्चा राहतो. आचारी माझ्याकडं बघतो.) भाकऱ्याही घराघरातनं येतात. खरी ओढाताण होते ती डाळ, तेल, गूळ, सिलिंडर आणि पाण्याची. आमचा आचारी शंभर माणसांना पंधरा किलो तांदूळ आणि पाच किलो डाळ धरतो. म्हणजे पाचशेची पंगत उठवायची तर डाळच पंचवीस किलो झाली. मार्चमध्ये विहिरीनं तळ गाठला की टँकर मागवावा लागतो, आणि "टँकर आमच्याकडून" असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही.

एका सद्‌गृहस्थांनी तीनशे स्टीलची ताटं दिली. नावं कोरून, छान जड ताटं. रात्री अकराला ती घासायला आम्ही सहा बायका होतो आणि पाणी दोन बॅरल. दुसऱ्या दिवशी पत्रावळ्या आल्या. ताटं अजून देवळाच्या माडीवर आहेत.

लिंगायत मठांचा रिवाज जरा वेगळा. तिथं दासोह हा शब्द ऐकाल. बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह ही जोडी सांगितली: कष्टानं मिळवायचं, आणि त्यातलं उपकाराची भाषा न करता समाजाकडं पोचतं करायचं, देणारानं स्वतःला दास समजून. उत्सवाला महादासोह होतो, हजारो माणसं जेवतात. पण मला मोठा वाटतो तो तिथला रोजचा दासोह. माझा मामेभाऊ बेळगावातल्या एका मठाच्या वसतिगृहात राहून दोन वर्षं शिकला. आम्ही मराठा, घरात विठोबा, कन्नड जेमतेम. जेवायला बसल्यावर त्याला कुणी काही विचारलं नाही. उलट मी चौथीत असताना दुसऱ्या एका ठिकाणी उत्सवात वह्यावाटप झालं, तिथं पाच वह्यांसाठी आम्हा पोरांना उन्हात दीड तास उभं केलं, कारण फोटोवाला यायचा होता. वही घेतानाचा माझा फोटो कुठंतरी असेलही. वाटप करायचंच असेल तर शाळेत गुरुजींकडं देऊन या, ते बरोबर पोचवतात.

आई दत्तभक्त होती का? तसं असेल तर पंत बाळेकुंद्रीला जा. बेळगावहून बागलकोट रस्त्यानं, सांबऱ्याच्या पुढं. पंत महाराज म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कुलकर्णी, १८५५ ते १९०५, बेळगावात शाळामास्तर होते, अवधूत परंपरेतले. त्यांची पदं 'दत्तप्रेमलहरी'त आहेत आणि इकडं अजून घरोघरी म्हटली जातात. आश्विन वद्यात, कोजागरीनंतर लगेच, त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव असतो. बेळगावातनं प्रेमध्वज घेऊन माणसं निघतात, पालखी, भजन आणि महाप्रसाद होतो. मोठं संस्थान आहे, पावती मिळते, व्यवस्था लागलेली आहे. तिथं तुमच्या रकमेनं फार काही हलणार नाही, पण आईच्या नावानं तिथं प्रसाद झाला याचं समाधान वेगळं असतं, ते मी कमी लेखत नाही.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर यात्रेत जेवू घालायला तर पावतीही लागत नाही आणि मंडळही लागत नाही. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूरपासनं गाड्या येतात. लोक उघड्यावर चुली मांडतात, पोळ्या, कडबू, भाजी-भाकरी करतात आणि परड्या, म्हणजे देवीच्या नावाच्या टोपल्या, भरतात. आपली परडी, जोगतिणीची परडी, शेजारच्या चुलीवरच्या अनोळखी बाईची परडी. एक दिवसाचा शिधा घेऊन जा आणि कुणाच्या तरी शेजारी चूल मांडा, एवढंच.

कागदाचं थोडक्यात सांगते. सौंदत्तीसारखी देवळं मुजराई खात्याकडं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या देवस्थान खात्याकडं येतात, मठ त्या खात्याच्या कायद्याबाहेर आहेत, आणि आमच्यासारखी गावची मंडळं साधं पावतीपुस्तक फाडतात. देणगीवरची करसवलत (ऐंशी-जी म्हणतात ती) हवी असेल तर संस्थेकडं तशी नोंदणी आहे का ते आधी विचारा, आणि रोख देऊ नका. २,००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला सवलत बसत नाही. जुनी करपद्धत घेतली असेल तरच याचा उपयोग.

आता तुमच्या रकमेबद्दल. मी तुमच्या जागी असते तर निम्मी रक्कम मधल्या एखाद्या दिवसाच्या डाळ-तेलाला दिली असती आणि निम्मी "शिल्लक खाती" म्हणून, कशालाच न बांधता. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा फुगली तेव्हा आमच्या मंडळाचे हंडे, पातेली, झारे ट्रॅक्टरमधनं शाळेत गेले. पुरातनं उठून आलेली माणसं तिथं होती. आठ दिवस भात-आमटी शिजली. तिथी नव्हती, कीर्तन नव्हतं, नुसता पाऊस. त्या खर्चाचं पान वहीत आहे आणि त्यावर देणगीदाराच्या रकान्यात एकही नाव नाही. आधीच्या तीन पारायणांतली शिल्लक होती, ती गेली. सगळ्यांनी आपापले पैसे शिऱ्याला बांधून दिले असते तर त्या आठवड्यात माझ्या हातात काय असतं?

मात्र शिल्लक खाती देताना मागच्या वर्षाचा हिशेब मागून बघा. आमच्याकडं तो काल्यानंतर देवळात वाचून दाखवतात. कुठं टाळाटाळ झाली तर तुमची डाळ तुम्हीच विकत घेऊन पोचवा.

आणि कन्नडची काळजी सोडा. पंगतीत निम्मे मराठी, निम्मे कन्नड असतात, वाढपी दोन्ही बोलतो. तुम्हाला एकच शब्द लागेल, "साकु", म्हणजे पुरे. तो पत्रावळीवर आडवा हात धरून म्हणा. नुसता म्हटलात तर आणखी एक पळी भात पडतोच.