वाचकांचे प्रश्न: परदेशातल्या लष्करी तळावरची नोकरी

प्रश्न: मुलाला कुवेतमध्ये कॅम्प आरिफजान या अमेरिकी तळावर मेसचं काम मिळतंय. पासपोर्टवर ईसीआरचा (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी, असा) शेरा आहे. एजंट सव्वा लाख मागतो, त्यातले निम्मे रोख. द्यावेत का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: देऊ नका. परवानाधारक एजंटाला आपल्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. शिवाय अमेरिकी सरकारी ठेक्यातल्या कामगाराकडून भरतीचा खर्च घ्यायला तिकडच्या नियमांत मनाईच आहे. मेडिकल, व्हिसा, तिकीट हे सगळं त्यात धरलं जातं, मग ते आधी मागा की पगारातून कापा. मुख्य ठेकेदारालाच नव्हे, त्याच्या खालच्या सब-कॉन्ट्रॅक्टरलाही हे लागू आहे. पासपोर्ट काढून घेणंही तितकंच बेकायदा.

एजंटाचा परवाना चालू आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. गावात येऊन पैसे गोळा करणारा ‘आमचा माणूस’ बहुधा विनापरवाना असतो. ईसीआर पासपोर्टवर कुवेतला नोकरीसाठी जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स (देशाबाहेर नोकरीला जाण्याची सरकारी मंजुरी) लागतोच. ‘आधी व्हिजिट व्हिसावर दुबई, पुढचं बघू’ असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. त्या वाटेने क्लिअरन्स नाही आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचं १० लाखांचं अपघाती संरक्षणही नाही. त्याचा हप्ता किती, तर दोन वर्षांना २७५ रुपये!

प्रश्न: तळावरच्या गोदामात नवऱ्याचा हात फोर्कलिफ्टखाली सापडला. कंपनीने दोन महिन्यांचा पगार देऊन घरी धाडलं. आता काही मिळेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: मिळू शकतं, पण मुदत सांभाळा. अमेरिकेचा १९४१चा ‘डिफेन्स बेस ॲक्ट’ तळावरच्या ठेका-कामगारांना लागू आहे, नागरिकत्व कुठलंही असो. (काही देशांसाठी सूट दिलेली असते, तेव्हा स्थानिक कायद्याची भरपाई मिळते.) उपचाराचा खर्च मालकाची विमा कंपनी देते आणि पूर्ण अक्षमतेच्या काळात सरासरी आठवडी पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम मिळते.

अपघाताची लेखी सूचना ३० दिवसांत द्यायची असते, फॉर्म एलएस-२०१. दावा एलएस-२०३ वर, एका वर्षात. मालकाने स्वतःहून भरपाई दिली असेल तर वर्ष शेवटच्या हप्त्यापासून मोजतात. फॉर्म अमेरिकी श्रम खात्याकडे जातात, कंपनीच्या एचआरकडे देऊन भागत नाही. तोंडी सांगितलं होतं, सुपरवायझरला माहीत होतं, अशा गोष्टींवर बरेच दावे लटकतात. ३० दिवस उलटले असतील तरी मालकाला अपघाताची माहिती होती हे दाखवता येतं, म्हणून दावा सोडू नका.

सब-कॉन्ट्रॅक्टरने विमाच काढला नसेल तर जबाबदारी वरच्या ठेकेदारावर येते. त्याचं नाव कळतं ते ‘लेटर ऑफ ऑथोरायझेशन’वरून (ठेका-कामगाराला मिळणारं परवानगीपत्र), ठेक्याचा क्रमांकही त्यावरच असतो. त्याची प्रत, पगाराच्या स्लिपा आणि तिथल्या दवाखान्याचे कागद एकत्र ठेवा. तळाच्या ओळखपत्राचा फोटो मात्र काढू नका, त्याला मनाई आहे. आणि कंपनीने पाठवलेल्या ‘फुल अँड फायनल’वर (सगळा हिशेब मिटल्याच्या कागदावर) न वाचता सही नको. असा दावा श्रम खात्याच्या मंजुरीशिवाय मिटवताच येत नाही. वकिलाची फीही मंजुरीनेच ठरते. आगाऊ टक्के मागणाऱ्याला नमस्कार करा.

प्रश्न: मी दहावी पास आहे. क्लिअरन्स लागेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: नाही. दहावीच्या दाखल्यावर ईसीआर नसलेला पासपोर्ट मिळतो. नर्सिंगच्या नोकरीला मात्र ईसीआर देशांत (ज्यांच्यासाठी ईसीआर पासपोर्टवर क्लिअरन्स लागतो अशा देशांत) जाताना क्लिअरन्स घ्यावाच लागतो, शिक्षण कितीही असलं तरी.