एक्सेलमध्ये रोजचा पाऊस आणि विहिरीची पातळी यांचा आलेख तारखांनुसार नीट का येत नाही?

तुम्ही शेतावरच्या पर्जन्यमापकाच्या तीन वर्षांच्या रोजच्या नोंदी आणि विहिरीची दर आठवड्याची पातळी एका शीटमध्ये भरली आहे. आडव्या अक्षावर 7 मे नंतर एकदम 13 जुलै येतं, विहिरीची रेषा सारखी शून्यावर आदळते आणि पावसाचे स्तंभ दिसतच नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. यातल्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ आलेखात नाही, शीटमध्ये आहे. त्यामुळे आलेखाची सेटिंग्ज बदलत बसू नका. तो सरळ डिलीट करा, नंतर दोन मिनिटांत नवा निघतो.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे 1900 सालच्या 1 जानेवारीला 1 धरून मोजलेला दिवसांचा आकडा. 1 जून 2024 म्हणजे 45444. तो आकडा शीटमध्ये खरोखर आहे की तारखेसारखी दिसणारी नुसती अक्षरं आहेत, हे आधी तपासा. तारखांचा कॉलम रुंद करा आणि त्याला दिलेलं डावं-उजवं-मधलं अलाइनमेंट काढून टाका. खरी तारीख उजव्या कडेला जाते, मजकूर डाव्या कडेला राहतो.

तुमच्याकडे बहुतेक असं दिसेल: प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा उजवीकडे आणि तेरापासून पुढच्या डावीकडे. संगणकाचं रीजन सेटिंग अमेरिकी असलं की हे हमखास होतं. 05/07/2024 टाइप केलं की तो ते 7 मे समजतो. 13/07/2024 मध्ये तेरावा महिना त्याला सापडत नाही, म्हणून तो ते मजकूर म्हणून जसंच्या तसं ठेवतो. डावीकडच्या तारखा निदान दिसताक्षणी संशय तरी येऊ देतात. उजवीकडच्या दिसायला नीटनेटक्या असतात आणि दिवस-महिना उलटलेल्या असतात, त्या जास्त घातक.

दुरुस्तीला आधी विंडोजच्या रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा, म्हणजे पुढच्या नोंदी बिघडणार नाहीत. जुन्यांसाठी शेजारी एक रिकामा कॉलम घ्या. इफ आणि इझनंबर वापरून सेल आकडा आहे का ते विचारा. असेल तर डेट फंक्शनला त्या सेलचं वर्ष, मग महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना द्या. नसेल तर राइट, मिड आणि लेफ्ट वापरून मजकुरातली शेवटची चार, मधली दोन आणि पहिली दोन अक्षरं त्याच फंक्शनला द्या. सूत्र शेवटपर्यंत ओढा, कॉलम कॉपी करा आणि पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून चिकटवा. हे एकदाच करायचं. दुसऱ्यांदा चालवलंत तर सुधारलेल्या तारखा पुन्हा उलटतील. सगळाच कॉलम मजकूर असेल तर एवढा खटाटोप नको: डेटा टॅबवर टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या पायरीवर डेट आणि त्यात डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष), काम संपलं.

आता अक्ष. लाइन चार्टचा आडवा अक्ष दोन प्रकारचा असतो. टेक्स्ट अ‍ॅक्सिस असेल तर प्रत्येक ओळीला सारखीच जागा मिळते, मग दोन नोंदींत एक दिवस असो की चार महिने. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं आणि त्या चार मोजण्यांमधलं अंतर सारखं नसतं. असा डेटा टेक्स्ट अ‍ॅक्सिसवर टाकला की पातळी किती वेगानं उतरली हे रेषेच्या उतारावरून सांगताच येत नाही. डेट अ‍ॅक्सिस मात्र तारखांमधल्या खऱ्या अंतराप्रमाणे जागा सोडतो. म्हणून अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये डेट अ‍ॅक्सिस निवडा, बेस युनिट दिवस आणि मेजर युनिट 1 महिना ठेवा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हाच पर्याय अक्षाच्या स्केल टॅबवर आहे. एक मर्यादा लक्षात असू द्या: डेट अ‍ॅक्सिस दिवसाखाली उतरत नाही. पातळी मोजणारं यंत्र बसवलंत आणि दर तासाच्या नोंदी येऊ लागल्या, तर लाइन चार्ट सोडून स्कॅटर घ्यावा लागेल.

रेषा शून्यावर आदळण्याचं कारण बहुधा तुमच्या सूत्रातलं रिकामं अवतरण (""). डोळ्यांना सेल मोकळा दिसतो, एक्सेलला तो मजकूर असतो आणि मजकूर आलेखात शून्य म्हणून उमटतो. त्या जागी एनए फंक्शन, म्हणजे NA(), द्या. इथे एक उपयोगी फरक करता येतो, विशेषतः मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये. सिलेक्ट डेटाच्या खिडकीत हिडन अँड एम्प्टी सेल्सचं बटण असतं. तिथे गॅप्स निवडा आणि एनएला रिकामा सेल म्हणून दाखवण्याची खूण काढा. मग ज्या दिवशी मोजायचं ठरलेलंच नव्हतं, म्हणजे दोन आठवडी मोजण्यांमधले सहा दिवस, तिथे एनए भरा: रेषा सलग जाते. ज्या आठवड्यात मोजायला हवं होतं पण मोजलं गेलं नाही, तिथले सगळे सेल खरोखर रिकामे सोडा: रेषा तुटते, आणि ती तिथे तुटायलाच हवी. पावसाच्या कॉलमातही पाऊस नसेल तर 0 लिहा, मोजलाच नसेल तर रिकामं ठेवा. तीन दिवसांचा पाऊस एकदम मोजला असेल तर तो शेवटच्या दिवसाच्या नावावर टाकून शेजारच्या कॉलमात तशी खूण करा, नाहीतर पुढे तो अतिवृष्टीचा दिवस म्हणून मिरवतो.

दोन्ही गोष्टी एका आलेखात हव्या असतील तर पाऊस आणि पातळी एकाच तारखांच्या कॉलमापुढे असू द्या. तारखांचे दोन वेगळे कॉलम देऊन फसगत होते, कारण एका अक्षावरच्या सगळ्या मालिकांना एक्सेल पहिल्या मालिकेच्याच तारखा लावतं, आणि आठवड्याची पातळी रोजच्या तारखांवर एकामागोमाग दाटीनं बसते. चेंज चार्ट टाइपमधून कॉम्बो घ्या: पातळी लाइन, पाऊस क्लस्टर्ड कॉलम, आणि पावसापुढे सेकंडरी अ‍ॅक्सिसची खूण. तुम्ही पातळी काठापासून पाण्यापर्यंतच्या खोलीत मोजता, त्यामुळे पाणी वर आलं की आकडा कमी होतो आणि रेषा उलटी दिसते. उभ्या अक्षावर व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर करा. लगेच तारखा आलेखाच्या डोक्यावर जाऊन बसतील. त्याच पॅनेलमध्ये हॉरिझॉन्टल अ‍ॅक्सिस क्रॉसेसला मॅक्सिमम अ‍ॅक्सिस व्हॅल्यू दिलंत की त्या खाली येतात.

पातळी पावसाच्या आदल्या दिवशीच चढलेली दिसली तर घाबरू नका. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला मोजलेला मागच्या 24 तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेला लावतो. मुंबईत 26 जुलै 2005 ला कोसळलेला पाऊस सगळ्यांना 26 तारखेचा म्हणून आठवतो, पण सांताक्रूझचे ते 944 मिलिमीटर 27 जुलैला सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांचे आहेत. तुमची नोंद कुठल्या पद्धतीनं आहे ते कॉलमाच्या शीर्षकातच लिहून ठेवा.

दिसेनासे झालेले स्तंभ हा मात्र खरोखर आलेखाचा प्रश्न. तीन वर्षांचे जवळपास 1,100 स्तंभ पंधरा सेंटिमीटर रुंदीत मावत नाहीत, एकेक स्तंभ स्क्रीनवर ठिपक्याइतकाही रुंद उरत नाही. गॅप विड्थ (स्तंभांमधली मोकळी जागा) 0 टक्के केल्यानं थोडा फरक पडतो. त्यापेक्षा आठवड्याची किंवा महिन्याची बेरीज करा: महिन्यांच्या पहिल्या तारखांचा कॉलम घेऊन समइफ्स, त्यात त्या तारखेपासून पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आधीपर्यंतची अट. पुढचा महिना काढायला ईडेट फंक्शन आहे.

पावसाळ्यांची तुलना करायची असेल तर माझी पसंती एकत्रित बेरजेच्या रेषांना: 1 जूनपासून रोजचा पाऊस आधीच्या बेरजेत मिळवत जायचा, प्रत्येक वर्षाची एक रेषा, सगळ्या एकाच अक्षावर. त्यासाठी एक खोटी तारीख लागते. महिना आणि दिवस खरेच ठेवा, वर्ष जून ते डिसेंबरला 2003 आणि जानेवारी ते मे ला 2004 द्या. 2004 लीप वर्ष असल्यानं 29 फेब्रुवारीचीही सोय होते. खोटी तारीख रोज (Rows) या चौकटीत, पावसाळी वर्ष (जून ते मे) कॉलम्समध्ये आणि एकत्रित बेरीज व्हॅल्यूजमध्ये टाकून पिव्हट टेबल करा. नव्या एक्सेलमध्ये पिव्हट तारखांचे आपोआप महिने करतं, ते अनग्रुप करा. अक्षावरच्या तारखांना फक्त दिवस-महिन्याचा फॉरमॅट द्या, म्हणजे 2003 कोणाला दिसणार नाही. जुलैतला खंड या रेषेवर सपाट पायरीसारखा दिसतो, रोजच्या स्तंभांत तो शोधावा लागतो.

ट्रेंडलाइनचं बटण मात्र इथे दाबू नका. तीन पावसाळ्यांमधून ओढलेली सरळ रेषा पहिलं आणि शेवटचं वर्ष कोरडं होतं की ओलं यावरच चढते किंवा उतरते. पातळीची नोंद आठ-दहा वर्षांची झाली आणि कल काढायचाच असेल, तर दर वर्षी मे अखेरची एकच नोंद घेऊन काढा.